सर, मेल केला होता

"सर, मेल केला होता."

ऑफिसात हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो आणि दहादा "हो हो, बघतो" म्हणून वेळ मारून नेतो. त्यामुळे आमच्या टीममध्ये नव्यानं आलेली एक मुलगी परवा जेवताना हेच वाक्य बोलली तेव्हा मी डब्यातून मानही वर केली नाही. ती कॉलेजातलं काहीतरी सांगत होती. पोरगी दौंड तालुक्यातल्या एका खेड्यातली, तिकडच्याच एका कॉलेजातून बीएस्सी झालेली. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये डेटाबेसपाशी अडली. टेबलं कशी तोडायची, कुठे थांबायचं, कळेना. सरांना मेल लिहिला. आठ दिवस वाट बघितली. परत लिहिला. मग तिसरा. शेवटी सर जिन्यात भेटले तेव्हा धीर करून म्हणाली, "सर, मेल केला होता." सर चांगले होते, रागावले वगैरे नाहीत. हसून म्हणाले, "अगं, मेल कोण बघतंय? व्हॉट्सॲपवर टाकायचं ना!"

तिनं टाकलं नाही. का, ते पुढे सांगतो. प्रोजेक्ट कुणाचा तरी उतरवून दिला, मार्क पडले, पास झाली. आणि मागच्या आठवड्यात कोड रिव्ह्यूत चारचौघांसमोर मी तिला ज्या गोष्टीवरून झापलं ती नेमकी हीच. टेबलं कुठे तोडायची.

घास घशात अडकतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कारण असल्याच सरांना ई-मेल शिकवायला मी स्वतः गेलो होतो. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा गेलो २००७ साली, शिरूर तालुक्यात. (कॉलेजांची नावं सांगणार नाही, उगाच विचारू नका. गोष्ट एका कॉलेजची नाहीच.) नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. एका ओळखीच्या सरांचा फोन आला, "प्राध्यापकांसाठी एकदिवसीय कार्यशाळा ठेवलीय, 'अध्यापनात ई-मेलचा वापर'. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून तुम्ही या." तज्ज्ञ! वर 'तुम्ही'! मी हुरळलो आणि नगर रोडनं एसटीतून गेलो. लॅबमध्ये चौदा पीसी, त्यातले चालू नऊ, माणसं तीस. त्यात दुपारी दोनला वीज जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक, कारण ते लोडशेडिंगचे दिवस होते आणि तालुक्याच्या ठिकाणी वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ असायचं. त्यामुळे दोनच्या आत तीस जणांचे आयडी काढायचे हेच ध्येय. काढले. फळ्यावर एक पासवर्ड लिहून दिला, तीसच्या तीस जणांनी तोच ठेवला. मग प्रत्येकानं शेजारच्याला एक मेल पाठवला, "हॅलो सर, हाऊ आर यू". शेजारचा अर्थातच शेजारीच बसलेला असल्यामुळे त्यानं तोंडानंच "फाइन, फाइन" सांगून टाकलं. हशा. दोनला वीज गेली, जेवण झालं, समारोप झाला, मला वयाच्या तेविसाव्या वर्षी शाल आणि श्रीफळ मिळालं. कार्यशाळा उत्साहात पार पडली :)

ती शाल अजून घरात आहे. त्या तीस आयडींपैकी एकावरूनही मला कधी मेल आला नाही.

बरीच वर्षं मी हा किस्सा 'आपले मास्तर कसे असतात' ह्या सदरात सांगत आलो. पार्टीत हमखास चालतो. पण त्यातला गाढव कोण होता हे मला परवा कळलं. माझ्या त्या दिवसभराच्या शिकवण्यात शेवटची पायरी होती 'सेंड'. पडद्यावर 'तुमचा संदेश पाठवला आहे' अशा अर्थाची ओळ आली की धडा संपला. मेल आल्यावर काय करायचं, किती दिवसांत करायचं, साठ जणांचे आले तर काय, हे मी शिकवलंच नाही. मला सुचलंच नाही. पोस्टमन कसा येतो एवढं शिकवून मी परत आलो, पत्राला उत्तर देणं राहूनच गेलं.

दुसरी कार्यशाळा २०२२ मधली, दौंड तालुक्यातली. नॅकची समिती यायची होती, तेव्हा 'आयसीटी'खाली काहीतरी दाखवायला हवं होतं. आता चित्र पूर्ण पालटलेलं. प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन, म्हणजे प्रत्येकाचं जीमेल आपोआपच. हजेरीसुद्धा गूगल फॉर्मवर. मी सुरुवातीलाच विचारलं, न वाचलेले मेल किती आहेत? एक सर म्हणाले चार हजार, दुसरे अभिमानानं म्हणाले अकरा हजार. म्हटलं चला, एक गंमत करू. सर्चमध्ये 'रिस्पेक्टेड' एवढंच टाका.

गंमत राहिली बाजूला. लॅबमध्ये दोन-तीन मिनिटं कुणी बोललंच नाही. लॉकडाउनमधले मेल होते ते. दुकानांच्या जाहिराती आणि बँकेच्या नोटिसांखाली गाडले गेलेले. असाइनमेंट जोडलीय सर. सर, युनिट तीन परत सांगाल का. एका मॅडमना सापडला तो २०२० च्या ऑगस्टमधला होता. घरात एकच मोबाईल आहे, भाऊ दहावीला आहे त्यामुळे त्याचे तास आधी, मला लेक्चर बघता येत नाही, नोट्स मिळतील का? खाली नाव, वर्ग, रोल नंबर, गाव. सगळं व्यवस्थित. मॅडमनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही सेकंड इयरला आलीच नाही."

उत्तर दिलं असतं तर ती आली असती असं मी म्हणत नाही. कोरोनाच्या त्या वर्षात पोरं कॉलेजातून का गळाली ह्याची शंभर कारणं आहेत, लग्न धरून. पण तिनं दार ठोठावलं होतं आणि दार ज्यांचं होतं त्यांना आपल्याला तिथे दार आहे हेच माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं.

तेव्हा पहिला मुद्दा. प्राध्यापकांना ई-मेल 'येत नाही' ही थाप आहे. लॉकडाउनमधला तो वेबिनारांचा पूर आठवा. सकाळी एक, दुपारी एक. शेवटी फीडबॅक फॉर्मची लिंक, त्यात ई-मेल बिनचूक भरायचा, कारण सर्टिफिकेट मेलवर येणार. एकाचाही पत्ता चुकला नाही! सर्टिफिकेट दोन दिवसांत आलं नाही तर आयोजकांना विचारणा करणारे मेलसुद्धा जात होते, चांगले खरमरीत. म्हणजे मेल वाचता येतो, लिहिता येतो, पाठपुरावाही करता येतो. फक्त तो वरून खाली किंवा खालून वर असला पाहिजे. विद्यार्थी ह्या उतरंडीत कुठे बसत नाही, त्याच्या मेलला उत्तर दिलं काय, न दिलं काय, कुठल्या रकान्यात भर पडत नाही. १९८७ च्या सुमारास अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, त्यांची नावं पुढे दोनदा बदलली, पण ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर म्हटलं की अजून पहिला प्रश्न प्रमोशनला धरतात का हाच. माणसाला दोष देत नाही. पगारवाढ ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद माणूस जपणारच.

दुसरी थाप, की हे तुमच्या आयटीवाल्यांचं फॅड आहे. अहो, उलट आहे! भारतात ई-मेल आधी आला तो शिक्षण-संशोधनाच्याच जगात. १९८६ साली अर्नेटचं काम सुरू झालं त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि मुंबईची एनसीएसटी होती. आम जनतेला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुणे विद्यापीठाच्या जुन्या वेबसाइटच्या पत्त्याला 'अर्नेट'ची शेपूट असायची, काही जणांना आठवत असेल. म्हणजे ही गोष्ट मुळात मास्तर लोकांची. फक्त ती घोडनदीपर्यंत पोचायला फार वर्षं लागली, आणि पोचली तेव्हा तिच्यासोबत यायला हवी होती ती सवय मागेच राहिली.

आता पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रांना वाटेल, एवढं काय मेलचं कौतुक, पोरांनी तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन विचारावं की. मंडळी, तुम्ही शिरूर-दौंडचं कॉलेज पाहिलेलं नाही. तिकडे 'अप-डाऊन' हा शब्द आहे. विद्यार्थी अप-डाऊन करतात, प्राध्यापकही अप-डाऊन करतात. दौंड हे जंक्शन. सोलापूरची लाइन, मनमाडची लाइन, बारामतीचा फाटा. कितीतरी सर पुण्याहून गाडीनं येतात, आणि परतीची गाडी चुकली की पुढचे दोन-अडीच तास प्लॅटफॉर्मवर. पोरं उलट दिशांनी आलेली, पाटस, केडगाव, कुरकुंभ, पलीकडे श्रीगोंदा तालुक्यातूनसुद्धा. त्यांची एसटी एकदा गेली की गेली. शेवटचा तास संपल्यावर दोघंही आपापल्या दिशेनं पळतात. शिरूरला गाडी नाही तर नगर रोडचं ट्रॅफिक आहे, रांजणगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या आत निघायचं म्हणून सगळे घड्याळाकडे बघत असतात. ज्या मुलाला शंका आहे आणि ज्यांना उत्तर माहीत आहे ते दोघं एका छताखाली मोकळे असे दिवसातून पंधरा मिनिटंही सापडत नाहीत. माझ्या इंजिनीअरिंगच्या कॉलेजात होस्टेल होतं, सर क्वार्टर्समध्ये राहायचे, मला मेलची गरजच पडली नाही. ज्याला गरज नाही त्याच्याकडे मेलची शिस्त आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे अकरा हजार न वाचलेले मेल, असा हा उलटा कारभार.

आणि व्हॉट्सॲप. आता त्या मुलीकडे येऊ.

वर्गाच्या ग्रुपात तुम्ही शिरलात की तुमचा नंबर सगळ्या वर्गाला दिसतो. शंभरसव्वाशे जणांना. तालुक्याच्या गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी ह्याचा अर्थ काय होतो हे मुलींना विचारा, मुलांना विचारू नका. रात्री "हाय" येतात. डीपीचे स्क्रीनशॉट फिरतात. त्यामुळे बऱ्याच मुली ग्रुपात वडिलांचा किंवा भावाचा नंबर देतात, आणि त्यांची नोटीस घरी कुणाला आठवण झाली तर कळते. राहिलं सरांना वेगळा मेसेज करणं. आमची ही मुलगी म्हणाली, "रात्री नऊ वाजता सरांना पर्सनलवर मेसेज गेला आणि घरात कुणी बघितलं, तर मी काय सांगणार होते? आणि सरांच्या घरी कुणी बघितलं तर?" सर सज्जन होते, तिला खात्री होती. प्रश्न तो नव्हताच. मेलला विषय असतो, पत्ता असतो, 'आदरणीय सर' असतं. त्यात एक अंतर आहे, आणि ते अंतर तिला हवं होतं. ते होतं म्हणूनच तर ती विचारू शकत होती! "व्हॉट्सॲपवर टाकायचं ना" म्हणणाऱ्या माणसाला कल्पनाही नसते की त्यानं वर्गातल्या निम्म्या पोरींचं तोंड बंद केलंय.

शिवाय ग्रुप हा मुळात भोंगा आहे. सूचना ऐकवायला उत्तम. "उद्या प्रॅक्टिकल नाही." खाली शंभर अंगठे. त्यात कुणी आपलं अज्ञान सव्वाशे जणांपुढे मांडणार नाही.

बरं, प्राध्यापकांची बाजू. एक आक्षेप मला बिनतोड वाटतो आणि तो मी टाळणार नाही. ह्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांत तासिका तत्त्वावरचे किती आहेत बघा. तास घेतला तर पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासायला बसलेल्या दुपारचे नाहीत. त्या माणसानं रात्री घरी बसून फुकट मेलला उत्तरं द्यावीत असं सांगणारा मी कोण, गलेलठ्ठ पगार घेणारा? दौंडला एक तरुण सर मला म्हणाले, "मार्चमध्ये माझं काम संपतं. जूनमध्ये परत घेतील की नाही माहीत नाही. पोरांना माझा कुठला पत्ता देऊ?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा त्यांच्यापुरतं माझं म्हणणं साफ आहे, जे तास मोजून पैसे देतात त्यांनी उत्तरांचेही तास मोजावेत, नाहीतर त्यांना कार्यशाळेला बसवू नये.

पण कायम नोकरीवरच्यांचं काय? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आठवड्याचे ४० तास काम आणि रोज किमान ५ तास कॉलेजात उपलब्ध असणं लिहिलेलं आहे. सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष शिकवायचे तास त्यात १६. उरलेल्यांत तयारी आहे, परीक्षा आहेत, समित्या आहेत, सगळं मान्य. तरी दिवसाला अर्धा तास निघत नाही? शंभर पोरं रोज मेल करणार नाहीत, चार करतील. आणि चौघांची शंका बहुतेक वेळा एकच असते.

"पण सर, पोरांनाच मेल लिहिता येत नाही." हे तर मी दोन्ही ठिकाणी ऐकलं. खरंय, येत नाही. विषयाची ओळ कोरी, मजकूर कोरा आणि खाली जोडलेला 'डॉक्युमेंट१'. मुलाखतीला येणाऱ्या पोरांचेही मेल असेच असतात आणि आम्ही ते हसत हसत बाजूला सारतो, हे कबूल करायला हवं. पण तीन वर्षं ज्याच्या एकाही मेलला उत्तर आलं नाही तो मेल लिहायला कुठून शिकणार? विहिरीत दगड टाकून आवाज आला नाही तर पोरगं दुसरा दगड कशाला टाकेल?

मग प्रशिक्षण कसं हवं? एक दिवसाचं तर नकोच. सहा आठवडे, आपला स्वतःचा एक वर्ग, एक खरी असाइनमेंट. पहिल्याच आठवड्यात साठ मेल येऊन आदळतील आणि तिथे खरं शिक्षण सुरू होईल. विषयाच्या ओळीत वर्ग आणि रोल नंबर लिहायचा दंडक पोरांना घातला की फिल्टर लावून ते सगळे एका लेबलखाली आपोआप जमा होतात, हे ज्याच्यावर साठ मेल आदळलेत त्याला एका मिनिटात पटतं. ज्याच्यावर आदळले नाहीत त्याला मी २००७ मध्ये फिल्टर शिकवला होता. वहीत लिहून घेतला त्यांनी. वर्गाला मेल पाठवताना पत्ते 'बीसीसी'त घालायचे, नाहीतर व्हॉट्सॲपचंच पाप मेलमध्ये. एकाच शंकेचं उत्तर एकदा लिहून सगळ्यांना. आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत दोन दिवसांत उत्तर, रविवारी नाही, असं पहिल्या तासाला फळ्यावर लिहून द्यायचं. बंधन दोन्हीकडून.

एक किडा आणखी आहे, तो मराठी, इतिहास, राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांना छळतो आणि कुठल्याही कार्यशाळेत त्याचं नाव निघत नाही. फॉन्ट. ह्या लोकांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीत, कृतिदेवमध्ये नोट्स टाइप केल्या आहेत. छपाईसाठी ते ठीक होतं. पण ती फाइल मेलनं पोराच्या मोबाईलवर गेली की तिथे तो फॉन्ट नसतो आणि पडद्यावर उमटतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे किडे-मुंग्या. पोरगं बिचारं सरांना सांगत नाही. सरांना वाटतं, नोट्स पोचल्या. एका सरांकडे मी अशा तीनशे पानांच्या नोट्स बघितल्या, वीस वर्षांचं काम. फॉन्ट बदलणारी साधनं आहेत, त्या युनिकोडमध्ये आणायला आम्हाला एक दुपार लागली, जोडाक्षरं तपासण्यासकट. त्या दुपारी त्या सरांना ई-मेल 'आला'. बाकी काही शिकवावं लागलं नाही.

ही काही मी अमेरिकेतून आणलेली आयडिया नाही. शिरूर तालुक्यातच पाबळ आहे. डॉ. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून तिथे गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग शिकायचं तर गावाला लागणारी वस्तू बनवून शिकायचं, हा त्यांचा खाक्या. शाळा सोडलेली पोरं तिथे कामं करून शिकली, २००२ मध्ये एमआयटीची फॅब लॅब तिथे आली ती उगाच नाही. आणि त्याच तालुक्यात मी, २००७ साली, शेजारी बसलेल्या माणसाला "हाऊ आर यू" पाठवायला शिकवत होतो. च्यायला.

असो. गेल्या सोमवारी एका प्राचार्यांचा फोन आला होता. तिकडच्याच एका कॉलेजचे. "पुढच्या महिन्यात एकदिवसीय कार्यशाळा घेऊ, तुम्ही याच." मी म्हटलं, सर, एकदिवसीयला येणार नाही. सहा शनिवार येतो, मानधन नको, शाल तर अजिबात नको. पण प्रत्येक प्राध्यापकानं आपला एक वर्ग आणायचा, तासिकावाल्यांना त्या तासांचे पैसे द्यायचे, आणि सहा आठवड्यांनी पोरांना विचारायचं, उत्तर आलं का. प्राचार्य सगळं शांतपणे ऐकून घेत होते. म्हणाले, "कल्पना फार चांगली आहे. तुम्ही असं करा, हे सगळं सविस्तर मला एक मेल करून ठेवा."

मंगळवारी सकाळी केलाय. आज रविवार.